बाविसाव्या वचनाला थांबा

भगिनींनो, नवरा हात उगारतो? घाबरू नका. गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, 'ख्रिस्ती कुटुंब' शिबिर झालं, तिथलं ज्ञान फुकटात वाटते.

उपासनेला लांब बाह्यांचा ब्लाउज घाला.

कोणी विचारलंच तर कपाटाचं दार लागलं म्हणा. बाथरूममध्ये घसरणं आता फार जणींनी वापरलंय.

पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, भेटायचं तर नवऱ्याला सोबत न्या. दोघांना शेजारी बसवून ते प्रेमाने विचारतील, "ताई, काय झालं?" मोकळेपणाने सांगा. घरी जायचंय एकाच स्कूटरवरून.

देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे, हे बायबलातलं मलाखीचं वचन पाठ करा. त्याच ओळीत जुलमाचाही आहे, ते सोडा.

आणि इफिसकरांस पत्र, अध्याय पाच. थेट बाविसाव्या वचनावर बोट ठेवा: बायकांनी पतीच्या अधीन असावं. बोट वर नेऊ नका, एकविसाव्यात 'एकमेकांच्या अधीन' असं निघतं. खाली पंचविसाव्यात तर नवऱ्यानेच जीव ओवाळायचाय, ख्रिस्ताने मंडळीसाठी दिला तसा! वक्ते दीड तास बोलले, पंचविसाव्याला तीन मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. स्लाइडवर एकाखाली एक छत्र्या: ख्रिस्ताची, नवऱ्याची, मग बायकोची. माल अमेरिकेचा. तिकडच्या सदर्न बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने १९९८ साली बायकोचं अधीन होणं आपल्या श्रद्धापत्रकातच घातलं. त्या पंथाचेच एक पुढारी, पेज पॅटरसन. मार खाणाऱ्या बाईला यांनी सांगितलं, रात्री पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना कर. ती दोन्ही डोळे काळेनिळे करून आली. हे खूश! का, तर त्या दिवशी तिचा नवरा चर्चला आला होता. हे त्यांनी स्वतःच २००० साली सांगितलं होतं. २०१८ मध्ये ते रेकॉर्डिंग बाहेर आलं, त्या गदारोळात सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजची, अध्यक्षाची खुर्ची गेली. अठरा वर्षं कोणाला काही खटकलं नव्हतं.

आमच्याकडे कुठे खटकतंय? शिबिरानंतरच्या चहाला आमच्यातलीच एक माझ्या शेजारी होती. कप डाव्या हातात. उजवं मनगट सुजून बांगडी रुतलेली. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने माइक घेऊन साक्ष दिली, "माझी पत्नी फार प्रार्थनाशील आहे." सगळे हालेलुया म्हणाले. मीही म्हणाले.

पाळकसाहेब, पुरे झालं. 'तुझा वधस्तंभ उचल' म्हणे! नवऱ्याची चप्पल म्हणजे वधस्तंभ नव्हे. भिंतीवर पंडिता रमाबाईंचा फोटो लावता, दरवर्षी केडगावला बस काढता. आसऱ्याला आलेल्या बायकांना त्या बाईने घर दिलं, तुम्ही उपासाच्या तारखा देता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ख्रिस्ती बायकांनाही लागू आहे, घर न सोडता संरक्षणाचा आदेश मागता येतो. हे व्यासपीठावरून एकदा तरी बोललात? महिला मंडळाच्या फळ्यावर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहायला खडू नाही मिळाला? सगळ्यांना सगळं माहीत आहे तुमच्या मंडळीत, कोयरमधल्या पोरींनासुद्धा.

पुढच्या रविवारी तो साक्षीला उठला, तर त्याच्या हातातला माइक काढून घ्या. तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी घेते.