समजावलं तितकं बिघडलं
‘मुलाला शांतपणे समजावून सांगा, तो समुपदेशनाला यायला तयार होईल’ हे मुलांना समुपदेशनासाठी कसं तयार करावं यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य आमच्या घरी तरी साफ खोटं ठरलं. माझ्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड जाण्याची अवस्था) आहे, जोडीला चिंताही. तो नऊ वर्षांचा असताना मी जितकं समजावलं तितकं त्याच्या पोटात दुखायचं. ‘म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय ना?’ एवढंच त्याने त्यातून काढलं. शेवटी थेरपिस्ट ताईच म्हणाल्या, समजावणं बंद करा. पहिल्या दिवशी आम्ही नुसते इमारतीखाली स्कूटरवर बसून परत आलो. दुसऱ्यांदा वर जाऊन दहा मिनिटं कॅरम, मी शेजारीच. ‘बास’ म्हणायचा हक्क त्याचा, आणि तो म्हणाला की खरंच उठायचं. (मी एकदा ‘अजून पाचच मिनिटं’ म्हणाले, पुढचे दोन आठवडे वाया.) पाचव्या खेपेला तो एकटा आत बसला.

शाळेबद्दल मात्र लेखात अक्षरही नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे, एडीएचडीची वेगळी नोंद नाही. त्यामुळे शाळेत सवलत मागायला गेलं की ‘प्रमाणपत्र कुठंय?’ इथूनच सुरुवात. आणि भर वर्गात नाव पुकारून विशेष शिक्षिकेकडे पाठवलं, तर कुठलं मूल आनंदाने जाईल?