साडेसहा बाय दीड फुटांचे बागायतदार

आमची पपई नर निघाला. वाक्याचं व्याकरण चुकलंय हे मलाही दिसतंय, पण ते दुरुस्त कसं करायचं हे गेले कित्येक महिने घरात कुणाला ठरवता आलेलं नाही. 'नर निघाली' म्हटलं की मुलगी हसते आणि 'नर निघाला' म्हटलं की बायको म्हणते, "निघाला ना? मग आता काढा त्याला."

बोरिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमच्या हॉलच्या खिडकीला बॉक्स ग्रील आहे. साडेसहा फूट लांब, दीड फूट रुंद. तेवढ्या जागेत बाकीचे लोक बादल्या, झाडू आणि मखराचे बांबू ठेवतात. मी तिथे फळबाग करायची ठरवली. फुलझाडांचं मला कौतुक नाही. रोज पाणी घालायचं आणि मोबदल्यात नुसतं बघत बसायचं, हा व्यवहार मला पटत नाही. अट एकच होती, झाड भरवशाचं हवं आणि मागे फार लागणारं नको.

सुरुवात बदामाने झाली. एका रोपवाटिकेतून दीडशे रुपयांना 'बदाम' असं सांगून दिलेलं रोप आणलं. चार महिन्यांत त्याला ताटलीएवढी पानं आली. ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती, म्हणून सहज खाली वाकून बघितलं. आमच्याच पार्किंगमध्ये तो देशी बदाम उभा आहे, ज्याची अर्धवट खाल्लेली फळं वटवाघळं रात्रभर गाड्यांच्या टपांवर टाकतात. म्हणजे मला आमच्याच आवारातलं झाड विकलं होतं! त्याचीच चार फळं उचलून आणली आणि अर्धा तास बत्त्याने फोडली, तेव्हा नखाएवढे चार गर मिळाले.

खऱ्या बदामाचं मुंबईत काही जमायचं नाही, हे नंतर वाचलं. त्याला फुलायला आधी थंडी लागते, साधारण ७.२ अंशांच्या खाली काहीशे तास. आणि सांताक्रूझला नोंदलेलं आजवरचं सगळ्यात कमी तापमान आहे ७.४, तेही १९६२ च्या जानेवारीतलं. तेव्हाही पाव अंशाने हुकलंच.

मग कुडाळच्या आतेभावाने सांगितलं, "काजी लाव. लावलंस काय इसर. तेका काय्येक करूक लागना नाय." त्याने वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीचं कलमही रात्रीच्या बसने पाठवलं. दोनशे लिटरचा पिंप अर्धा कापून त्यात ते लावलं आणि खरोखरच विसरायचा प्रयत्न केला, पण विसरू देतील तर मुंबईकर कसले! पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं, म्हणून पिंपाखाली घमेलं ठेवलं. घमेल्यात पाणी साचतं म्हणून डासांच्या अळ्या तपासायला आलेल्या माणसाने ते तिथल्या तिथे ओतायला लावलं. ओतलं. काकूंच्या कपड्यांवर.

तिसऱ्या वर्षी काजूला मोहोर आला आणि त्यातून बरोबर एक बोंडू धरलं. एक. मार्चअखेरीस ते लालबुंद झालं, तेव्हा मी त्याचे अकरा फोटो काढले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय उद्यानातलं एक माकड आलं, ग्रीलमधून हात घालून बोंडू खाल्लं आणि खालची बी पिंपातच टाकून गेलं. ते जनावर माझ्यापेक्षा शहाणं होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

काजूच्या टरफलात जे तेल असतं ते बिब्ब्याच्या गोत्रातलं. आंबाही त्याच कुळातला, त्याचा चीक ओठाला लागला की काय होतं ते आपण सगळे जाणतो. कोकणात बिया उघड्यावर भाजतात त्याला कारण आहे. मी एकच बी सांडशीत धरून गॅसवर भाजली. पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. मग टरफलातून काळं तेल बुडबुड करत आलं आणि फर्रकन पेटलं. घरभर धूर झाला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सेक्रेटरी धावत वर आले, "वायर जळतेय का हो कुठे?" मी रडत रडत म्हटलं, "नाही, काजू." ते काही न बोलता खाली गेले. बी फोडताना निम्मा गर चुरला. उरली एक पाकळी. ती आम्ही तिघांनी खाल्ली. माझ्या दोन बोटांची कातडी आठवडाभर निघत होती.

लिंबाचं फार सांगत नाही. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या त्यावर बसल्या होत्या. विष्ठाच समजून मी त्यांना हात लावला नाही, आणि त्यांनी एकही पान ठेवलं नाही. त्यांची फुलपाखरं मात्र देखणी निघाली.

आणि शेवटी ही पपई. नाश्त्याला खाल्लेल्या फळाची बी, रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात पेरलेली. सहा महिन्यांत माझ्या खांद्याला लागली. वाऱ्याने कलायला लागली म्हणून सोसायटीच्या माळ्याने समोरच्या देवळाच्या आवारात छाटलेली एक काठी दिली. ती डब्यात खोचून पपई तिला सुतळीने बांधली. लांब देठांवर फुलांचे घोस लोंबायला लागले, तेव्हा मी ऑफिसात तिघांना पपया कबूल करून बसलो. माळ्याने खालूनच मान वर करून निकाल दिला, "साहेब, लोंबतंय म्हंजी नर. मादीचं फूल खोडाला चिकटून येतं."

"म्हणजे फळ नाही?"

"फळ न्हाई. फुलं भरपूर."

बायको म्हणाली, "नुसता फुलतो आणि उपयोग काही नाही. घरात एक होताच की."

त्या दिवसापासून मी डब्याकडे बघायचं सोडलं. जुलैत घरात नुसता पाऊस येत होता, पाणी घालायचाही प्रश्न नव्हता. ऑगस्टमध्ये सुतळी सैल करायला गेलो तर काठीला पानं! माझी शंका अशी की ती पपईची असावीत, पण पपईची पानं तिच्या स्वतःच्या डोक्यावर जागच्या जागी होती. ही काठीचीच होती. माळी म्हणाला, "तुती हाय ती. कुठंबी खोचा, लागती." खत नाही, फवारणी नाही, कौतुक तर नाहीच नाही. फेब्रुवारीत तिला हिरवी, मग लाल, मग काळी फळं आली. बोटभर लांब, गोड, आणि हात लावला की गळणारी.

गळणारी हा शब्द मी तेव्हा पुरेसा मनावर घेतला नाही. रविवारी काकू पांढरी चादर घेऊन दारात उभ्या. चादरीवर सात जांभळे डाग.

"हे कावळ्याचं नाही. मी वास घेऊन बघितलाय."

"तुती," मी कबूल झालो.

मला वाटलं, आता घमेल्यापासूनचा सगळा हिशोब निघणार. पण काकू सरळ आत येऊन खिडकीशी गेल्या. "आमच्या माहेरी साताऱ्याला होती. पिकल्या तुतीचा डाग कच्च्या तुतीनेच जातो." असं म्हणून त्यांनी हिरवी फळं एकेक करत पदरात खुडली. पुढच्या पंधरा दिवसांचं सगळं पीक. मग मोरीत बसून चादरीवर चोळली.

डाग निम्मे गेले. उरलेल्या निम्म्यांसाठी त्या परत येणार आहेत. "तोवर नवीन हिरवी येतील ना हो?" त्यांनी जिना उतरता उतरता विचारलं. मी म्हटलं, खुशाल या.