कोर्स आपल्या तीर्थरूपांचाच आहे

गोल्फ हा सभ्य माणसांचा खेळ आहे, हे तुम्ही ऐकलंच असेल. नसेल ऐकलं तर कुठल्याही क्लबात जाऊन बसा. ज्याने तासाभरापूर्वी झाडामागचा चेंडू बुटाने हळूच मोकळ्यावर ढकलला, तोच माणूस ऑम्लेट खाता खाता तुम्हाला हे ऐकवेल.

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर आमचा ६.२० चा टी टाइम, म्हणजे पहिला फटका मारायची वेळ, होती. नाव घेत नाही, कारण इथल्या प्रत्येक कोर्सच्या मेंबराला हे आपल्याच कोर्सचं वर्णन वाटणार आहे. अठरावा, म्हणजे शेवटचा, होल संपला तेव्हा घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती. आमचे मात्र केव्हाच वाजले होते. पुढे एक चौकडी, मागे एक चौकडी आणि मधे आम्ही, मृदंगासारखे, दोन्ही बाजूंनी बडवून घेत. त्या साडेपाच तासांत जे ज्ञान मिळालं ते एकट्याने साठवून ठेवणं बरं नाही. नव्याने खेळायला लागलेल्यांनी हे कात्रण बॅगेच्या कप्प्यात ठेवावं.

सुरुवात वेळेपासून. टी टाइम ६.२० चा असेल तर ६.२० ला घरातून निघा. स्टार्टर बिचारा यादी हातात घेऊन उभाच असतो, त्याला तरी दुसरं काय काम आहे?

पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, आलात की चार वेळा हवेत दांडा फिरवा. पाचव्यांदा चेंडू उजवीकडे झाडीत घाला. मग हसून ‘मलिगन!’, म्हणजे ‘हा फटका धरू नका’, असं म्हणा आणि दुसरा चेंडू टीवर ठेवा. मलिगन नावाची गोष्ट नियमांच्या पुस्तकात कुठेच नाही, पण ते पुस्तक वाचलंय कुणी? २०१९ पर्यंत त्याचा पहिलाच भाग शिष्टाचाराचा होता. गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच नसतो, सगळा भरवसा खेळणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर असतो, असं त्यात अगदी सुरुवातीलाच लिहिलेलं असे. २०१९ ला नियम नव्याने लिहिले आणि तो वेगळा भाग गेला. वागणुकीचा मजकूर नियम १.२ मध्ये बसवला. ‘शिष्टाचार काढून टाकला’ एवढंच काही लोकांच्या कानावर पडलेलं दिसतं.

आता मुख्य गोष्ट. सावकाश खेळा.

घाई कसली? पुढच्या चौघांनी आम्हाला हे प्रात्यक्षिकासह शिकवलं. नियमात शिफारस अशी आहे की आपली पाळी आली आणि अडथळा नसला की ४० सेकंदांत फटका मारावा, शक्यतो त्याच्याही आत. हे चाळीस सेकंद पाश्चात्त्य असावेत. आपल्याकडे आधी वारा बघायचा. गवत उपटून उडवायचं. गवत आपल्याच शर्टावर येऊन पडलं की पुन्हा उपटायचं. बॅग उचलणाऱ्या कॅडीला विचारायचं, ‘किती आहे?’ तो म्हणतो, ‘एकशे चाळीस, साहेब.’ मग खिशातून दुर्बीण काढून बघायचं. एकशे एकेचाळीस. मग आठ नंबरचा दांडा काढायचा, ठेवायचा, सात काढायचा. आणि चेंडू चाळीस यार्डांवर गडगडत जाऊन थांबला की सात नंबरकडे रागाने बघायचं.

तुमची पाळी नसताना काहीही करू नका, हेही लक्षात असू द्या. दुसरा मारतोय तोवर आपण आपल्या चेंडूपाशी जाऊन अंतर बघावं, दांडा हातात तयार ठेवावा, असलं काही नको. चौघांनी घोळक्याने एकाच्या चेंडूपाशी जायचं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. मुलगी बघायला गेल्यासारखं.

सातव्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, मी घड्याळ लावून बसलो होतो. आठ फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकाकडे हळूच ढकलायचा फटका. गृहस्थ आधी चेंडूमागे उकिडवे बसले. मग भोकाच्या पलीकडे जाऊन उकिडवे बसले. मग एक डोळा मिटून पटर (पट मारायचा दांडा) ओळंब्यासारखा हवेत धरला. गवंडी भिंत बघतो तसा. चेंडूवरची काळी रेघ जुळवली, उठले, पटली नाही, पुन्हा वाकून जुळवली. हातमोजा काढला, घडी केली, मागच्या खिशात घातला. एवढ्यात फोन वाजला. उचलला. स्पीकरवर. कुठल्याशा फ्लॅटचं पझेशन दिवाळीपर्यंत मिळणार की नाही हे आम्ही दीडशे यार्डांवर उभं राहून ऐकलं (नाही मिळणार). फोन ठेवून रेघ पुन्हा जुळवली. तीन मिनिटं दहा सेकंद. चेंडू भोकाच्या डावीकडून दोन फूट पुढे गेला आणि गृहस्थ सोबत्याला म्हणाले, ‘गिमी ना?’ म्हणजे, न मारताच गेला असं धरायचं ना?

दोन मिनिटांहून अधिक वेळ आठ फुटांच्या पटला घेतला म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेचा व्यावसायिक गोल्फर ब्रायसन डिशँबो याला जगभरातून शिव्या बसल्या होत्या. तो निदान लाखो डॉलरसाठी खेळत होता. आपण मिसळीच्या बिलासाठी खेळतोय, महाराज!

साधा हिशेब करा. चौघे, प्रत्येकाचे ९५ फटके, म्हणजे ३८०. प्रत्येक फटक्याला फक्त २० सेकंद जास्त घेतले तरी दोन तास सहा मिनिटं होतात. कुणाला वाटतच नाही की आपण उशीर केला. प्रत्येक जण वीसच सेकंद तर घेत असतो. आणि मागे चार, त्यांच्या मागे चार, दर दहा मिनिटांनी चार जण टीवर येऊन थांबताहेत. एक टेम्पो सिंहगड रस्त्यावर आडवा उभा राहिला की धायरीपर्यंत काय होतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

चेंडू हरवला तर शोधा. पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ पासून तीन. तुम्ही अकरा घ्या. चेंडू तीनशे रुपयांचा आहे, तो काय झाडीत टाकून यायचा? दाट गवतात चौघांनी आपापल्या दांड्याने काड्या बाजूला करत फिरायचं, मधे कुणीतरी दुसऱ्याच कुणाचातरी जुना चेंडू सापडवायचा, त्याचा ब्रँड वाचायचा, तो खिशात घालायचा. टीवरूनच एक जादा चेंडू मारून ठेवता येतो, त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. तो मारला की पहिला हरवला तरी परत टीपर्यंत चालावं लागत नाही. पण मग परत चालायची मजा कुठून मिळणार?

आणि मागच्यांना पुढे जाऊ देऊ नका. अजिबात नाही. तुमच्यापुढे आख्खा एक होल मोकळा पडलाय, मागचे कंबरेवर हात ठेवून उभे आहेत, त्यातल्या एकाने लांबून नमस्कारसुद्धा केलाय (तो मी), तरी मागे वळून बघू नका. बाजूला होऊन हाताने ‘या’ म्हणायला दहा सेकंद लागतात आणि सात पिढ्यांची अब्रू जाते. नवव्या होलनंतर हाफवे हटमध्ये निवांत बसा. इडली मागवा, ती संपल्यावर चहा मागवा. मागचे आले की बिल न देता उठून त्यांच्या आधी दहाव्या टीवर जाऊन उभे राहा. हे मी कल्पनेने लिहीत नाही. सांबार अर्धं तसंच ठेवून ते चौघे पळाले.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, दंताळं ठेवलेलं असतं, ते माळ्याचं आहे. त्याला हात लावू नका.

दुसऱ्याच्या पटच्या रेषेवरून चाला. तेवढंच जमिनीचं सपाटीकरण.

कुणी फटका मारायला उभं राहिलं की बरोबर त्याच्या पाठीमागे उभं राहा, आणि दांडा वर गेला की पिशवीतली चिल्लर मोजा.

हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, स्पर्धेच्या आधी फुगवा. एरवी १४ चे असाल तर मुद्दाम वाईट खेळून १८ वर न्या, बक्षिसाचा मिक्सर घरी घेऊन या आणि ‘आज लागलं आपलं’ म्हणा. घरी तीन मिक्सर असलेले एक सद्गृहस्थ मला माहीत आहेत.

न विचारता सल्ला द्या. स्वतः ११२ फटके मारलेले असताना समोरच्याला ‘डोकं वर येतंय तुमचं’ सांगण्यात जो आनंद आहे तो बर्डीत, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन होल संपवण्यात, नाही. असं म्हणतात. बर्डी मी आयुष्यात चारच वेळा केली, त्यातली एक चुकून.

ग्रीनवर चेंडू उंचावरून पडला की खळगा पडतो. खिशातल्या दोन दातांच्या काट्याने कडा आत दाबल्या, पटरने थापटलं, की झालं, वीस सेकंद. आमचे माळी सांगतात, लगेच भरला तर एक-दोन दिवसांत कळतसुद्धा नाही, तसाच सोडला तर तिथे गवत मरतं आणि डाग पंधरा-वीस दिवस राहतो. पण तो काटा आपण शोभेला टोपीला लावलेला असतो. फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर, उडालेल्या ढेकळाचंही तेच. कोर्सवर पाटी आहे, ‘कृपया ढेकूळ जागेवर बसवावे’. पुण्यात पाट्या वाचायच्या असतात, फोटो काढायचे असतात. पाळायला सांगितलंय कुणी?

आणि आता फोर.

चेंडू कुणाच्या दिशेने जातोय असं दिसलं तर ‘फोर!’ असं जिवाच्या आकांताने ओरडायचं असतं. तुम्ही ओरडू नका. ओरडलं की आपला फटका चुकला हे चार जणांना कळतं. बायकोचे भाऊ बरोबर असतील तर फारच वाईट दिसतं. गोल्फचा चेंडू असतो जेमतेम ४६ ग्रॅमचा, बऱ्यापैकी मारणाऱ्याच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या दांड्यावरून, सुटताना ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो, पण लागून लागून कुणाला लागणार?

अकराव्या फेअरवेवर आम्ही पुढच्यांची वाट बघत उभे होतो. मामा माझी बॅग खाली ठेवून टॉवेलने आठ नंबर पुसत होते. सगळे त्यांना मामाच म्हणतात. पंचवीस वर्षं या कोर्सवर बॅगा उचलतात, कुठल्या ग्रीनवर चेंडू कुठे वळतो हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. मागचे चौघे टीवर कंटाळले होते. तेही खरंच, पुढच्यांमुळे आम्ही कंटाळलो होतो तितकेच तेही. त्यातल्या एकाने आम्ही उभे दिसत असताना ड्रायव्हर काढला. आवाज आला तो एकदम मामांच्या पाठीवर. ओलं पोतं ओट्यावर आपटावं तसा. मामा गुडघ्यावर बसले. आठ नंबर हातातच होता.

ते गृहस्थ बगीतून, म्हणजे कोर्सवरच्या छोट्या गाडीतून, आले. खाली उतरले आणि पहिलं वाक्य म्हणाले, ‘चेंडू कुठे गेला?’

चेंडू दोन हातांवर पडला होता. त्यांनी मामांकडे बघून ‘जास्त नाही ना लागलं?’ म्हटलं, उत्तराची वाट न बघता पाकिटातून पाचशेची नोट काढून त्यांच्या बॅगेवर, म्हणजे माझ्या बॅगेवर, ठेवली, आणि मग काय केलं माहितीये? पाच नंबर काढून तिथूनच पुढचा फटका मारला. नियमाला धरूनच होतं, बरं का. १७४४ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथला गोल्फचे पहिले तेरा नियम लिहिले गेले, त्यातही आहे: माणूस, घोडा, कुत्रा किंवा आणखी कशानेही चेंडू अडला तर जिथे असेल तिथून खेळायचा. आजही तेच, दंड शून्य. नियमाचं पुस्तक या माणसाने बहुधा तेवढंच वाचलं असावं.

अरे, ओरडता येत नव्हतं तुला? दोन अक्षरं आहेत. तोंडात सिगार होती म्हणून? घरी गाडीला ओरखडा पडला तर सोसायटीच्या वॉचमनवर ओरडतोस ना, तेव्हा बरा घसा चालतो. आणि पुढच्या चौघांनो, तुम्हीही कान टोचून घ्या. तुम्ही सातव्या ग्रीनवर फ्लॅट विकत होतात म्हणून मागे तीन चौकड्या तुंबल्या. तुंबलेल्यातल्या एकाचं डोकं फिरलं, आणि मार कुणी खाल्ला? ज्याने सबंध दिवसात एकही चेंडू मारला नव्हता त्याने. तुमच्या चुकांचा वाळूतला खड्डा तो भरतो, गवतातला चेंडू तो शोधतो, तुम्ही नऊ मारून सहा लिहिता तेव्हा दुसरीकडे बघतो. बॅग उचलली नाही त्या दिवशी पैसे नाहीत, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माहीत असून त्याच्या अंगावर चेंडू मारता.

मीही काही साधू नाही. दोन वर्षांपूर्वी चौदाव्यावर मीसुद्धा उशिरा ओरडलो होतो, चेंडू एका बाईंच्या छत्रीला लागला. तेव्हा मामाच माझ्या आधी धावत गेले होते, माझ्या वतीने हात जोडत.

मामांनी त्या दिवशी उरलेले सात होल बॅग दुसऱ्या खांद्यावर घेऊन पुरे केले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, ‘साहेब, बाराव्याला वारा डावीकडनं आहे, तुमचं जातंय उजवीकडं.’ संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. हाड सलामत आहे, पाठीवर बशीएवढा निळा डाग आहे, आठवडाभर ओझं उचलायचं नाही. ती पाचशेची नोट माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, मामांनी घेतली नाही.

पुढच्या मंगळवारपासून ते परत येतील. सकाळी साडेपाचला कॅडी शेडच्या पायरीवर बसलेले असतात. तुम्ही गाडी लावता तिथून चाळीस पावलं आहे, मी मोजली. बगी लागणार नाही.