मुक्या जिवाच्या घासातली बचत : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

'एक श्वानप्रेमी' यांस सप्रेम नमस्कार.

कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावरचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की मुक्या जिवाच्या घासात काटकसर शिकवणे मुळातच निर्दयपणाचे आहे आणि ज्याला महागडे खाद्य परवडत नाही त्याने कुत्रा पाळू नये. बचत करायचीच असेल तर घरचा कोंबडी-भात सर्वांत स्वस्त आणि शुद्ध असताना मी पाकिटांचा हिशेब मांडत बसले, म्हणून लेखाला जाहिरातीचा वास येतो. आणि मोठे पोते घेतले की किलोमागे भाव उतरतो, ही साधी गोष्टही मी सांगितली नाही. उद्या मांजरालाही भात घालायला सांगाल, असे आपण शेवटी लिहिले आहे. आपल्या शब्दांमागे जनावराविषयीची कळकळ आहे हे मला दिसते, आणि तीच कळकळ मलाही असल्यामुळे प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

ज्याला परवडत नाही त्याने पाळू नये, हे वाक्य ऐकायला न्यायाचे वाटते. पण नागपुरात मानेवाड्यापासून हिंगण्यापर्यंत कितीतरी घरांत जी कुत्री सुखाने नांदत आहेत ती पावसात भिजलेली, रस्त्यावरून उचलून आणलेली पिल्ले होती. त्यांना घर देणाऱ्या माणसांचे उत्पन्न बेताचे आहे. आपला नियम लावला तर त्या जिवांना पुन्हा रस्ताच मिळेल. अशा घरांना लाजवण्यापेक्षा, त्यांच्या हातातल्या रुपयांत जास्तीत जास्त पोषण कसे पडेल हे सांगणे मला अधिक दयेचे वाटते. बचत पोषणात करायची नाही, वाया जाणाऱ्या पैशात करायची आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता महाग म्हणजे चांगले, या समजुतीकडे येते. पाकिटावरचा भाव किलोचा असतो, पण कुत्र्याला किलो लागत नाही, ऊर्जा लागते. विश्रांतीच्या अवस्थेत कुत्र्याला किती ऊर्जा लागते याचे पशुवैद्यकांत रूढ असलेले सूत्र फोनवरच्या कॅल्क्युलेटरवरही सोडवता येते : कुत्र्याच्या वजनाच्या किलोंचा घन करावा, त्याचे वर्गमूळ काढावे, आलेल्या संख्येचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि त्याला 70 ने गुणावे. 20 किलोच्या कुत्र्यासाठी हे उत्तर साधारण 660 किलोकॅलरी येते. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला 1.6 ने गुणले की दिवसाची गरज सुमारे 1,060 किलोकॅलरी होते. आता समजा, एका कोरड्या खाद्यात किलोमागे 3,300 किलोकॅलरी आहेत आणि त्याचा भाव 300 रुपये आहे. दुसऱ्यात 4,000 किलोकॅलरी आहेत आणि भाव 350 रुपये आहे. पहिले खाद्य दिवसाला सुमारे 320 ग्रॅम लागेल आणि 96 रुपयांना पडेल. दुसरे 265 ग्रॅम लागेल आणि 93 रुपयांना पडेल. किलोला 50 रुपयांनी महाग असलेले खाद्य दिवसाला स्वस्त पडले. याच्या उलटही घडते, आणि म्हणूनच दोन पाकिटांची तुलना भावाकडे किंवा चित्राकडे पाहून न करता, किलोच्या भावाला किलोमागच्या किलोकॅलरींनी भागून, या एका भागाकाराने करावी, असे मी सुचवले होते. ओल्या खाद्याचे पाउच या हिशेबात फार महाग पडतात, कारण त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. 100 ग्रॅमच्या पाउचमध्ये 90 किलोकॅलरी धरल्या तर याच कुत्र्याचे पोट भरायला दिवसाला बारा पाउच लागतील.

'प्रीमियम' आणि 'होलिस्टिक' या शब्दांना खाद्याच्या मानकांत काही निश्चित अर्थ नाही, ते कोणीही छापू शकतो. ज्याकडे पाहावे असा मजकूर पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतो : हे खाद्य संपूर्ण व संतुलित आहे की केवळ पूरक, आणि ते पिल्लांसाठी आहे की प्रौढांसाठी. पूरक खाद्य हे तोंडी लावणे असते, त्यावर जनावर जगवता येत नाही, मग त्याची किंमत कितीही असो. धान्यविरहित खाद्याचेही तसेच आहे. त्यासाठी लोक बरेच जादा पैसे मोजतात. परंतु अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये, वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्ये किंवा बटाटा भरपूर असलेल्या अशा खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी जाहीर केली होती. त्या चौकशीतून कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही. पण धान्य काढून टाकल्याने निरोगी कुत्र्याचा फायदा होतो, हेही कोणी सिद्ध केलेले नाही. शिजवलेला तांदूळ किंवा ज्वारी बहुतेक कुत्री उत्तम पचवतात.

जाहिरातीच्या आरोपाविषयी थोडेच लिहिते. मूळ लेखात मी एकाही कंपनीचे नाव घेतलेले नाही आणि येथेही घेणार नाही. पाळीव प्राण्यांवर नियमित लिहिणाऱ्याकडे जनसंपर्क संस्थांकडून नमुन्याची पाकिटे आणि तयार मजकूर येतो, तसा तो माझ्याकडेही येतो. मी तो वापरत नाही, कारण त्यात चमकदार कोटाचे आणि आनंदी शेपटीचे वर्णन असते, पण किलोमागे किती किलोकॅलरी हा आकडा नसतो. खाद्य बनवणाऱ्या एखाद्या नव्या उद्योजकाने अशी संस्था निवडताना, जी संस्था पहिल्याच भेटीत प्रयोगशाळेचा अहवाल मागते तिच्याकडे जावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. ग्राहकाचा विश्वास त्या अहवालातूनच येतो.

घरच्या अन्नाचा आपला मुद्दा मात्र फार महत्त्वाचा आहे, आणि त्याबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. घरचे अन्न वाईट नाही, ते अपुरे असते. वर सांगितलेल्या 20 किलोच्या कुत्र्याला आपण 300 ग्रॅम शिजवलेली कोंबडी आणि 150 ग्रॅम तांदळाचा भात घातला, तर ऊर्जा जवळजवळ बरोबर मिळते आणि प्रथिनेही भरपूर मिळतात. पण प्रौढ कुत्र्याला दर 1,000 किलोकॅलरींमागे किमान 1.25 ग्रॅम कॅल्शियम हवे असते, आणि या ताटात त्याचा दहावा हिस्साही भरत नाही. मांसात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम नगण्य असते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते, आणि पिल्लांत याचा परिणाम वाकलेल्या पायांत आणि किरकोळ उडीने मोडणाऱ्या हाडांत दिसतो. बाहेरून कुत्रा गुटगुटीत दिसत असतो, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. कॅल्शियमखेरीज जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचीही या ताटात कमतरता राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभ्यासकांनी कुत्र्यांच्या घरगुती अन्नाच्या 200 पाककृती तपासून 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी होते, आणि त्यांत पशुवैद्यकांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या.

आजोबांच्या वाड्यावरचा कुत्रा पोळी-दुधावर चौदा वर्षे जगला, असे आपण लिहिले आहे. तो जगला असेल, यात मला शंका नाही. पण वाड्यावरचा कुत्रा दिवसभर मोकळा असे, त्याला मासळीचे काटे, मटणाची हाडे, उंदीर आणि अंडी मिळत, आणि पोळी-दूध हा त्याच्या आहाराचा आपल्याला दिसणारा भाग होता. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुत्र्याला आपण देऊ तेवढेच मिळते. शिवाय जे लहानपणीच दगावले त्यांची आठवण घरात कोणी सांगत नाही.

तरीही ज्यांना घरचेच अन्न द्यायचे आहे, त्यांनी ते जरूर द्यावे. फक्त आहार लिहून घ्यावा. सेमिनरी हिल्सवरचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून या शहरात आहे आणि त्याचे चिकित्सालय सर्वांसाठी खुले आहे. तिथे किंवा आपल्या नेहमीच्या पशुवैद्यकाकडे कुत्र्याचे वजन, वय आणि आजारपणाचा इतिहास सांगून कॅल्शियम व खनिजांच्या मिश्रणाचे नेमके प्रमाण विचारावे. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड हा कॅल्शियमचा स्वस्त स्रोत आहे, चहाच्या एका चमच्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम येते. परंतु मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झाले तरी हाडांची वाढ बिघडते, म्हणून पिल्लांच्या बाबतीत अंदाजाने चमचे घालू नयेत. आणि घरचे अन्न म्हणजे आपल्या ताटातला रस्सा नव्हे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि सावजी मसाल्यात शिजलेले हाड देणे तर दोन्ही अंगांनी घातक, कारण मसाल्यात कांदा-लसूण असतो आणि शिजलेले हाड फुटून टोकदार होते.

मोठ्या पोत्याविषयी मी मुद्दाम लिहिले नव्हते, आणि त्याचे कारण आपल्या शहराचे हवामान आहे. कोरड्या खाद्यावर चरबीचा थर असतो. पोते उघडल्यावर हवा आणि उष्णता लागून ती चरबी खवट होऊ लागते आणि काही जीवनसत्त्वे नष्ट होतात. उघडलेले पोते साधारण सहा आठवड्यांत संपावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. वरच्या हिशेबातले दुसरे खाद्य घेतले तर 20 किलोचा कुत्रा 10 किलोचे पोते पाच-साडेपाच आठवड्यांत संपवतो, म्हणून त्याच्यासाठी ते ठीक आहे. पण 5 किलोच्या स्पिट्झला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आतच खाद्य लागते; तेच पोते त्याला तीन महिन्यांहून अधिक पुरेल. नवतपात पारा 45 च्या पुढे गेलेला असताना गच्चीखालच्या खोलीत ठेवलेले खाद्य तीन महिने कसे टिकणार? त्यातच आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, आणि त्याची दमट हवा सुटलेल्या पोत्यात शिरली की पावसाळ्याआधीच बुरशीचा धोका सुरू होतो. काही बुरशींचे विष यकृतावर जाते आणि ते वासाने नेहमी कळतेच असे नाही. खाद्य मूळ पिशवीतच ठेवावे, पिशवीचे तोंड घट्ट मुडपून ती झाकणाच्या डब्यात उभी करावी आणि डबा कूलरपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा. मूळ पिशवी टाकू नये, कारण मुदत आणि बॅच क्रमांक तिच्यावरच असतात. काही दुकानांत फोडलेल्या पोत्यातून सुटे खाद्य विकतात. ते स्वस्त मिळते, पण ते कधी फोडले आणि कधीचे आहे हे सांगणारे काहीच आपल्या हाती येत नाही, म्हणून मी ते घेऊ नये असेच म्हणेन. दोन शेजाऱ्यांनी एक मोठे पोते मिळून घेऊन पहिल्याच दिवशी वाटून घ्यावे आणि पिशवीवरच्या मुदतीचे छायाचित्र दोघांनी ठेवावे, ही बचत मात्र खरी आहे.

सर्वांत मोठी बचत मात्र याहून सोपी आहे, आणि तिच्यावर आपल्या प्रतिक्रियेत एक शब्दही नाही, याचे मला वाईट वाटले. ती म्हणजे मोजून घालणे. वाटीने घातलेले खाद्य माणसागणिक बदलते. सकाळी आई घालते, संध्याकाळी मुलगा घालतो, आणि मधे आजोबा बिस्किटे देतात. ग्लुकोज बिस्किटांत 100 ग्रॅममागे साधारण 450 किलोकॅलरी असतात, त्यामुळे लहान दहा बिस्किटांत आपल्या 20 किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो, आणि त्यात त्याच्या कामाचे पोषण जवळपास नसतेच. असा वरचा खाऊ दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावा. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर पिल्लूपणापासून मृत्यूपर्यंत चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्याच्या तुलनेत 25 टक्के कमी खाद्य देण्यात आले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य, म्हणजे गटातली निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते वय, 13 वर्षे भरले, दुसऱ्या गटाचे 11.2 वर्षे, आणि सांधेदुखीसारखे आजारही कमी खाणाऱ्यांना उशिरा जडले. हा अभ्यास एका खाद्य बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, आणि त्याचा निष्कर्ष कमी खाद्य विकले जावे या बाजूचा होता, म्हणून मला तो अधिक विश्वासार्ह वाटतो. घासात काटकसर म्हणजे निर्दयपणा, असे आपण म्हणता. लठ्ठ कुत्र्याच्या बाबतीत तोच घास त्याचे आयुष्य खातो. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा, कुत्र्याच्या बरगड्या हलक्या हाताने चाचपून पाहाव्यात. त्या सहज लागल्या पाहिजेत, पण दुरून दिसता कामा नयेत. बरगड्या लागत नसतील तर वरच्या सूत्राचे उत्तर कितीही येवो, माप दहा टक्क्यांनी उतरवून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

मांजराला भात घाला, असे मी कधीही सांगणार नाही. मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य ते आपल्या शरीरात पुरेसे तयार करू शकत नाही, आणि वनस्पतींतील कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्वही बनवू शकत नाही. टॉरिनच्या कमतरतेने मांजरांचे हृदय फुगून दुबळे होते, हे 1987 मध्ये सिद्ध झाले आणि त्यानंतर मांजरांच्या खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. म्हणून कुत्र्याचे खाद्य स्वस्त पडते म्हणून तेच मांजरालाही घालणे, जे दोन्ही प्राणी असलेल्या घरांत सर्रास होते, ही बचत मुळीच करू नये. मांजराचे खाद्य बदलायचेच झाले तर सात ते दहा दिवसांत जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत बदलावे. भूक लागली की खाईल, असे म्हणून त्याला उपाशी ठेवू नये, कारण विशेषतः लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही तरी यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. त्याने नव्या खाद्याला पूर्ण दिवस तोंड लावले नाही तर जुने खाद्य पुन्हा समोर ठेवावे, आणि तेही नाकारले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.