ओढत नाहीस ना, मग बाहेर कशाला गेली होतीस?

नाईट करून सकाळी घरी आले, झोप काही लागेना, म्हटलं हे एकदाचं लिहून मोकळं व्हावं. ड्युटीच्या ग्रुपवर परवा, ओढणाऱ्यांना सिगारेट ब्रेक मिळतो मग न ओढणाऱ्यांना काय, यावरून जे रामायण झालं त्यात मी एक अक्षर टाइप केलं नाही, पण डोक्यात तेच चाललंय. पोस्ट मोठी आहे. नर्सेसनी तरी पूर्ण वाचा, ब्रेकमध्ये वाचा म्हणणार होते पण तेच तर दुखणं आहे.

मी सिगारेट ओढत नाही, कधी ओढली नाही. माझ्या शिफ्टला असतात त्यातली एक जण ओढते. तिचं नाव लिहीत नाही, पण ही पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचायला दिलीय, तेव्हा पाठीमागे बोलतेय असं कुणी समजू नका. आणि आधीच सांगते, कामाला ती माझ्यापेक्षा भारी आहे. ज्याची शीर कुणाला सापडत नाही असा पेशंट आला की सगळे तिलाच हाक मारतात आणि ती एका टोचण्यात सलाईनची लाइन लावून मोकळी.

तर मागे एकदा मी तिच्यावर इतकी चिडले होते की पंधरा दिवस चक्क हिशेब ठेवला. खिशातल्या छोट्या डायरीत, जिच्यात मी बीपी-शुगर खरडते, तिच्याच मागच्या पानावर. एका शिफ्टला साधारण चार खेपा, एका खेपेला बारा मिनिटं, म्हणजे ४८ मिनिटं. महिन्याच्या २२ ड्युट्या धरल्या तर १०५६ मिनिटं, म्हणजे साडेसतरा तासांच्या वर. आठ तासांच्या दोन शिफ्ट झाल्या की हो! दोन शिफ्ट ही बाई गेटबाहेर उभी असते आणि पगार दोघींचा सारखा. हा आकडा निघाला तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू, आता माझ्याकडे पुरावा होता.

नुसत्या मिनिटांचं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण आमचं काम फाइलवर पेन ठेवून उठायचं नाही. एका रात्रीचं सांगते. दोन वाजलेले. माझे सात पेशंट, तिचे सात, ती खाली गेली की चौदाच्या चौदा माझे. माझ्या एका पेशंटचा हेपारिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, पंप वाजायला लागला, सिरिंज संपत आलेली. हेपारिन, इन्सुलिन, पोटॅशियम असली औषधं आमच्याकडे दोघींनी वाचून दोघींच्या सह्या झाल्याशिवाय लावत नाहीत. नियम चांगलाच आहे, या औषधांत एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस जातो. पण माझी दुसरी सही त्या वेळी गेटबाहेर होती. तेवढ्यात तिच्या बाजूच्या एका आजोबांनी बेल दाबली, त्यांना बेडपॅन हवं होतं, आणि बेडपॅनला दोन मिनिटं थांबा म्हणता येत नाही, म्हणजे म्हणतो आपण, पण मग पुढची वीस मिनिटं चादर बदलण्यात जातात. मी पंपाचा आवाज बंद केला, पळत जाऊन आजोबांना बेडपॅन दिलं, इकडे पंप परत बोंबलायला लागला, परत बंद केला. ती वर आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं पण नाही, सिरिंज पुढे धरली आणि म्हटलं, वाच. तिने लेबल वाचलं, डोस वाचला, सही केली. सही करताना तिच्या बोटांना तो वास येत होता आणि मला रडूच आलं, रागाने.

तो वास हे वेगळंच प्रकरण आहे. हात कितीही धुवा, सॅनिटायझर चोळा, तो केसात आणि कपड्यात बसलेला असतो. केमो चालू असलेल्या पेशंटला साध्या साबणाच्या वासाने उलटी होते, त्याच्यावर वाकून आपण ड्रेसिंग करणार. दम्याच्या पेशंटचं तर बोलायलाच नको. याबाबतीत मी आजही तिच्याशी भांडते, आणि आता ती खालून येताना वरचा ॲप्रन बदलते आणि तोंड धुते, तेवढं तिने ऐकलंय.

आणि गंमत बघा. सिगारेटने बायकांच्या हृदयाचं काय होतं हे जगाला कळलं ते बऱ्याच अंशी नर्सेसमुळेच. अमेरिकेत १९७६ मध्ये नर्सेस हेल्थ स्टडी सुरू झाला, १,२१,७०० नर्सेस त्यात होत्या, दर दोन वर्षांनी फॉर्म भरून पाठवायच्या. त्यातूनच १९८७ मध्ये दिसलं की दिवसाला अगदी १ ते ४ सिगारेट ओढणाऱ्या बायकांनाही हृदयविकाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुपटीपेक्षा जास्त असतो. म्हणजे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, आकडे आमच्याच घरचे आहेत. तरी नर्सेस ओढतात. पेशंटला सोडा म्हणून सांगतात आणि खाली जाऊन पेटवतात. ती म्हणते, ‘मला पेशंटसमोर सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटते, आणि लाज वाटली की अजून एक ओढावीशी वाटते.’ यावर काय बोलणार.

बरं, मी रागात असताना एक साधी गोष्ट विसरले होते जी मी परीक्षेत पाठ केलेली. निकोटीन रक्तातून निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. आठ तासांत चार खेपा, कळलं? ती आरामाला जात नव्हती, तिचं शरीर तिला गजर लावून उठवत होतं. गेली नाही तर चिडचिड, लक्ष न लागणं, हात अस्वस्थ. तसल्या हातांनी तिने पोटॅशियम काढावं असं मलाही वाटत नाही. आणि आवारात धूम्रपान बंदी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा, पण झालं काय, आधी मागच्या जिन्यात पाच मिनिटांत उरकायचं ते आता लिफ्टची वाट बघा, गेटपर्यंत चाला, परत या, त्याची बारा झाली. बंदी योग्यच आहे, मला चुकीचं म्हणायचं नाहीये. पण बंदीचा बोर्ड लावणाऱ्यांनी बोर्डाबरोबर निकोटीनचे पॅच किंवा गम स्टाफला दिले का? सोडायचं असेल तर समुपदेशनाला जायला ड्युटीतून वेळ दिला का? नाही. बोर्ड लावला, फोटो काढला, संपलं. ती सात मिनिटं कुणाच्या डोक्यावर आली तर माझ्या.

आता जे सांगायला बसलेय ते.

एका रात्री माझा एक पेशंट गेला. दहा-बारा दिवस माझ्याकडे होता, घरच्यांना मीच फोन करून बोलावलं होतं, सगळं आवरून झालं, बॉडी खाली गेली, बेड पुसून झाला. ती म्हणाली, ‘चल माझ्याबरोबर खाली, नुसती उभी राहा, शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला सांगितलंय बघायला.’ गेले. गेटबाहेर उभी राहिले, ती ओढत होती, मी नुसती वर आकाशाकडे बघत होते. दहा मिनिटं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ड्युटीच्या मध्ये मी उघड्यावर येऊन उभी राहिले असं पहिल्यांदाच झालं होतं, हे मला तिथे उभी असताना लक्षात आलं.

वर आले तर इन्चार्ज सिस्टर काउंटरपाशी. तिला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, ‘तू कुठे होतीस?’

म्हटलं, खाली गेले होते जरा.

‘पण तू तर ओढत नाहीस ना, मग बाहेर कशाला गेली होतीस?’

बस. त्या वाक्याने माझा डायरीतला सगळा हिशेब उलटा झाला. त्या वाईट नाहीत हो, त्यांनी मनापासून विचारलं होतं, त्यांना खरंच प्रश्न पडला होता की या बाईला बाहेर जायचं कारणच काय. म्हणजे आमच्याकडे दहा मिनिटं मिळवायची तर व्यसन पाहिजे. सिगारेट हे कारण चालतं. पेशंट गेला हे कारण नाही, पाय सुजलेत हे नाही, डोकं भणभणतंय हे नाही, पाळी आलीये हे तर नाहीच नाही.

मग मी माझ्याकडे बघायला लागले. मी आठ आठ तास लघवीला जात नाही, आणि हे मी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आलेय! ड्युटीवर पाणीच कमी पिते म्हणजे जावं लागत नाही. दुसऱ्याचं इनटेक-आउटपुट, म्हणजे पाणी किती गेलं नि लघवी किती झाली, मिलीलिटरमध्ये लिहिणारी बाई स्वतः सकाळी घरी जाऊन पहिल्यांदा बाथरूम गाठते. जेवणाचा डबा उघडून दोन घास खाल्ले की बेल, परत झाकण, परत दोन घास. आणि जी बाई स्वतःसाठी चार वेळा उठते ती कामचोर, आणि मी नाही उठत म्हणून मी चांगली सिस्टर. हे कुणी शिकवलं आपल्याला? ट्रेनिंगपासून शिकवलंय, पेशंट आधी, पेशंट आधी. बरोबर आहे, पेशंटच आधी. पण मूत्राशय फुटेपर्यंत आधी का?

ग्रुपवर एकाने ती जपानची बातमी टाकली होती. टोकियोतल्या पियाला नावाच्या कंपनीने २०१७ मध्ये न ओढणाऱ्यांना वर्षाला सहा दिवस जादा रजा दिली, कारण ऑफिस २९ व्या मजल्यावर, ओढायला तळघरात जावं लागायचं, एका खेपेला पंधरा मिनिटं जायची आणि बाकीच्यांनी तक्रार केली. लगेच ग्रुपवर सगळे, आपल्याला पण पाहिजे, आपल्याला पण पाहिजे. मलाही क्षणभर तोंडाला पाणी सुटलं. पण विचार करा ना, तिथे टेबलावरचं काम उद्यावर ढकलता येतं. आपल्याकडे मी सहा दिवस रजेवर गेले तर माझे सात पेशंट कुणाकडे? तिच्याकडे. म्हणजे चौदा तिचे. भांडण तेच, फक्त या वेळी कमी पडणारी मी.

आणि पेशंटची संख्या वाढली की काय होतं हे काही लपलेलं नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास आहे, सर्जरीच्या पेशंटचा, नर्सच्या वाट्याला सरासरीने एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तो अभ्यास रोजच्या कामाच्या भाराचा आहे, बारा मिनिटांच्या ब्रेकचा नाही, उगाच तो मी तिच्या अंगावर टाकणार नाही. उलट मला त्यातून हेच दिसतं की वॉर्डला ब्रेक सोडवणारी तिसरी सिस्टर नसते हा मूळ घोळ आहे, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतोय.

कायद्याचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये १९९८ चे नियम आहेत, सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर किमान २० मिनिटं सलग विश्रांती. अमेरिकेत तर संघीय कायदा ब्रेक द्याच असं म्हणतही नाही, पण ५ ते २० मिनिटांचा ब्रेक दिला तर तो पगारी धरावा लागतो. यात कुठेही सिगारेटचा वेगळा हक्क नाहीये. ब्रेक माणसाला आहे. त्यात त्याने ओढावी, झोपावं, भिंतीकडे बघत बसावं.

एक तक्रार मात्र मी सोडणार नाही. गेटबाहेर नुसता धूर निघत नाही, तिथे गोष्टी ठरतात. पुढच्या महिन्याच्या नाइट्स कुणाला, कुणाची रजा मंजूर, कोणत्या वॉर्डाला बदली, हे तिथे उभ्या असलेल्यांना आधी कळतं, कारण रोस्टर बनवणारेही तिथेच येतात. आम्ही वर बेडपॅन देत असतो आणि आम्हाला डायरेक्ट छापील कागद मिळतो. ज्यांना वाटतं की ब्रेकचं भांडण फक्त मिनिटांचं आहे त्यांनी हे लक्षात घ्या.

शेवटी केलं काय ते सांगते. तिच्याशी बोलले, आधी भांडले मग बोलले. ओव्हरच्या, म्हणजे पेशंट पुढच्या सिस्टरला सोपवायच्या, रजिस्टरमध्येच एक पान आखलं, नाव, किती वाजता बाहेर, किती वाजता आत, पेशंट कुणाकडे दिले. प्रत्येकीला शिफ्टमध्ये दोन ब्रेक, पंधरा पंधरा मिनिटं, ओढणारी असो नसो. जाताना तोंडी ओव्हर द्यायचाच, दोन वाक्यांत, कुणाचा पंप संपत आलाय, कुणाला दोन सह्यांचं औषध आहे, ते असेल तर ते लावून मगच खाली जायचं. तिला चाराऐवजी दोनच खेपा मिळणार होत्या, ती कुरकुरली, मधल्या वेळेला आता गम चघळते आणि तोंड वाकडं करत म्हणते, चव घाण आहे. इन्चार्ज सिस्टरनी पान बघितलं, काही बोलल्या नाहीत, दोन दिवसांनी मात्र त्यात त्यांचंही नाव दिसलं.

पहिला आठवडा माझा रकाना कोरा होता. सवयच नाही ना. मग एका रात्री तिने स्वतःच्या पेनाने माझं नाव लिहिलं, वेळ टाकली, म्हणाली, ‘निघ, तुझे सात माझ्याकडे.’ मी जाऊन जिन्यात बसले. काय करायचं कळेना. मोबाइल काढला, ठेवला. बूट काढले, पाय भिंतीला लावले. परत आले तेव्हा तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, ‘नऊच झाली. अजून सहा बाकी आहेत, परत जा.’

गेले परत. या वेळी आधी बाथरूमला.

हे आमच्या वॉर्डात दोघी असतो म्हणून जमतं. जिथे रात्री एकटीच सिस्टर असते तिथे ओव्हर द्यायचा कुणाला? तुमच्याकडे असं कुणी काही जमवलं असेल तर खाली लिहा, आणि प्लीज ‘व्यसन सोडा’ एवढंच लिहू नका, ती पण वाचतेय.