टम्बलरची लिंक दिली म्हणून खातं उडत नाही

'एओथ्रीवर लिहिणाऱ्यांनो, सावधान!' असा एक मेसेज फिरतोय. एओथ्री म्हणजे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', फॅनफिक फुकट वाचायची-टाकायची साइट. आणि फॅनफिक म्हणजे आवडत्या पुस्तका-सिनेमांतल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. भाचीच्या ग्रुपवर तो आला आणि त्या पोरीने घाबरून प्रोफाइलवरची टम्बलरची (म्हणजे तिच्या ब्लॉगची) लिंक, प्रकरणांखालच्या टिपा, इतकंच काय, मैत्रिणीच्या फॅनफिकची शिफारससुद्धा पुसून टाकली. मला सांगितलं ते सगळं उरकल्यावर. म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. बाहेरची कुठलीही लिंक दिली की खातं कायमचं बंद. साइट स्वतः देणग्या गोळा करते, लेखकाला मात्र चहापुरतेही पैसे मागू देत नाही. 'पात्रांवर माझा हक्क नाही' ही ओळ वर टाकली की कायद्याने सगळं माफ. आणि शेवटी जालीम उपाय: 'को-फी' (वाचकांकडून पैसे घ्यायची साइट) हे नाव सरळ न लिहिता मध्ये फुल्या घाला, किंवा 'पुढचा भाग कुठे मिळेल ते कमेंटमध्ये विचारा' असं लिहा, कोण पकडतंय?

लिंकचा मुद्दा धादांत खोटा आहे. आर्काइव्ह ऑफ अवर ओनच्या सेवाशर्ती कुणालाही वाचता येतात. त्यात बंदी आहे ती व्यापारी जाहिरातीला आणि पैशांच्या मागणीला. को-फी, पेट्रिऑन, पेपाल, किकस्टार्टर, ॲमेझॉनवर विकायला ठेवलेलं स्वतःचं पुस्तक, हे काही चालत नाही. अर्धी कथा इथे आणि उरलेली पैसे भरून तिथे, हेही नाही. पण आपल्या ब्लॉगची किंवा टम्बलरची लिंक चालते, तिथे कोपऱ्यात पेट्रिऑनचं बटण असलं तरी चालते. 'कमिशनचे दर (म्हणजे पैसे घेऊन मागणीप्रमाणे लिहून-काढून देण्याचे) टम्बलरवर बघा' एवढं फक्त लिहायचं नाही. मैत्रिणीच्या फुकट कथेची शिफारस तर या नियमाच्या आसपासही येत नाही. आणि चुकून काही राहिलंच, तर आधी ईमेल येते, ते काढून टाका म्हणून. खातं गोठवण्याची वेळ येते ती बजावूनही पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्यांवर.

मला खरा राग आहे तो त्या जालीम उपायाचा. तक्रारी तिथे माणसं वाचतात, स्वयंसेवक. फुल्या घालून माणूस फसत नाही. उलट नियम माहीत असून मोडलात, याचा पुरावा तुम्हीच लिहून देता. त्याहून वाईट म्हणजे कमेंटमधून पैशांची बोलणी करण्याची सवय. तिथे आधीच टोळ्या टपून आहेत. 'तुझी कथा वाचताना डोळ्यांसमोर चित्रंच उभी राहिली, मी आर्टिस्ट आहे, यावर कॉमिक करायला आवडेल, डिस्कॉर्डवर (चॅटच्या ॲपवर) येतेस?' कथेतल्या एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही, पात्राचं नाव असलंच तर टॅगमधून, म्हणजे कथेला लावलेल्या लेबलांतून, उचललेलं. डिस्कॉर्डवर गेलं की दर सांगतात, पैसे घेतात. चित्र एआयने काढलेलं येतं किंवा येतच नाही. पहिलीच कथा टाकलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं अशा कौतुकाने विरघळतात. असली कमेंट 'ही जाहिरात आहे, काढा' म्हणून कळवता येते, ती याच नियमाच्या जोरावर. आणि मेसेजवाले हाच नियम लेखकांच्या मुळावर आलाय म्हणतात!

'हक्क नाही' या ओळीला कायद्यात किंमत नाही. अमेरिकेत फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय केलेला रास्त वापर, ठरवताना कोर्ट चार गोष्टी पाहतं: वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळच्या बाजारपेठेवर काय परिणाम झाला. ती ओळ या चारांत कुठेच नाही. हेतू पाहताना वापर व्यापारी आहे का, हे मात्र बघतात. पैसे घेतले की हरलातच, असंही नाही. १९९४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तसं गृहीत धरायला नकार दिला होता. पण फुकट असणं ही बाजू भक्कम ठेवते, मग ती हातची का घालवायची? २००७ मध्ये फॅनलिब नावाची कंपनी फॅनफिकवर धंदा करायला उतरली होती. त्या संतापातून 'आपलं, बिनजाहिरातीचं' असं काही हवं ही मागणी जोर धरू लागली आणि २००९ च्या नोव्हेंबरात एओथ्री सर्वांसाठी खुलं झालं.

देणग्यांचं काय? तो टोमणा अगदीच चुकीचा नाही, हे कबूल. देणगीमोहिमेच्या दिवसांत पानाच्या माथ्यावर मोठा बॅनर झळकतो आणि त्याच पानावर लेखकाने को-फीचं नावही काढायचं नाही, हे डोळ्यांत खुपतं. साइट चालवणाऱ्या संस्थेकडे शिल्लकही बरीच आहे, ती कशाला म्हणून जुने वाचकही विचारतात. पण ती ना-नफा संस्था आहे, काम स्वयंसेवक करतात, अंदाजपत्रक जाहीर होतं आणि सर्व्हर काही पुण्याईवर चालत नाहीत. जाहिराती घेतल्या असत्या तर बॅनर लागला नसता. पण मग पात्रांच्या कुठल्या जोड्या, कुठले टॅग चालतील ते जाहिरातदारांनी ठरवलं असतं.