प्रिव्ह्यू पाहिला म्हणजे निकाल लागला?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, कल्पनेतली पात्रं वठवून टेबलावर खेळायच्या खेळाची 2024 ची आवृत्ती आल्यापासून एक मत हातोहात फिरतंय. थोडक्यात ते असं: "नवे नियम कसे आहेत हे कळायला खेळून बघायची गरज नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. प्लेटेस्टमध्ये (छापण्याआधी लोकांना चाचणीसाठी दिलेल्या मसुद्यात) सगळं दिसलंच होतं, आकडे समोर आहेत, चौथ्या आवृत्तीचा निकालही पहिल्याच दिवशी लागला होता. थांबायचं म्हणजे आधी पैसे ओतायचे, आणि ‘थांबा’ म्हणणारे कंपनीची तळी उचलतात."

"प्लेटेस्टमध्ये सगळं दिसलं होतं." शीत भलत्याच पातेल्यातलं होतं, त्याचं काय? ऑगस्ट 2022 च्या पहिल्या प्लेटेस्टमध्ये राक्षसांचे क्रिटिकल हिट, म्हणजे फाशावर 20 आल्यावर बसणारे जास्त माराचे वार, काढून टाकले होते. केवढा गदारोळ झाला! छापील पुस्तकात ते जिथल्या तिथे आहेत. ड्रुइड या पात्राच्या वाइल्ड शेपसाठी (प्राण्याचं रूप घेण्यासाठी) 2023 मध्ये सरसकट ठरावीक साचे आणले, तेही गेले. वॉरलॉक या जादूगाराची पॅक्ट मॅजिक ही जादूची खास पद्धत काढली आणि परत दिली. यातलं बरंच लोकांनी ओरडा केला म्हणूनच बदललं, हे खरं. पण तो कच्च्या मसुद्यावरचा अभिप्राय होता. त्याच शिव्या आज तयार पुस्तकाला कशा लागू होतील?

"आकडे समोर आहेत." वरवर पाहता हा मुद्दा सगळ्यात भक्कम. जखमा भरणारं क्युअर वूंड्स 1 डी8 वरून 2 डी8 वर (एका आठ बाजूंच्या फाशावरून दोनवर) गेलं, लढवय्या फायटरला वेपन मास्टरी, म्हणजे हत्यारांचे खास डाव, मिळाली. लगेच निष्कर्ष निघाला: खेळाडू डोईजड झाले, डीएमचं (राक्षस चालवणाऱ्या, खेळ घेणाऱ्याचं) मरण. पण हे खेळाडू लढत कोणाशी होते? खेळाडूंच्या नियमांचं प्लेअर्स हँडबुक आलं 17 सप्टेंबर 2024 ला आणि राक्षसांचं मॉन्स्टर मॅन्युअल 18 फेब्रुवारी 2025 ला. मधले पाच महिने बहुतेक टेबलांवर नव्या पात्रांसमोर 2014 च्या जुन्या पुस्तकातले राक्षस उभे होते, आणि त्यावरून ‘बॅलन्स बिघडला’ असा निवाडा सुनावला गेला.

माइंड फ्लेअर हा राक्षसच बघा. जुन्या पुस्तकात त्याच्या सोंडांनी पकडलं तरी 15 चा इंटेलिजन्स सेव्ह (फासा टाकून, बुद्धीच्या जोरावर वाचायची संधी) हातात असायचा. तो हुकला तरच पात्र सुन्न. नव्या पुस्तकात वार लागला की पकड बसते आणि पात्र थेट सुन्न होतं. सेव्हच नाही. त्या पात्राला काही करता येत नाही, सोडवायचं तर सोबत्यांनीच. असे सेव्ह बऱ्याच राक्षसांच्या बाबतीत गाळलेत आणि वरच्या दर्जाच्या राक्षसांचा इनिशिएटिव्हही (लढाईत आधी पाळी मिळवायचा आकडा) वाढवलाय. म्हणजे डोईजड पात्रांचा निम्मा हिशेब अजून छापूनच यायचा होता.

कागदावर काहीच कळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कॉन्ज्युअर मायनर एलिमेंटल्स हा स्पेल (मंत्र) वरच्या स्लॉटने, म्हणजे जास्त ताकद खर्चून, टाकला की गणित हाताबाहेर जातं, हे हिशेबी लोकांनी लगेच पकडलं. पुढे दुरुस्तीत प्रत्येक वरच्या लेव्हलची वाढ 2 डी8 ची 1 डी8 झाली. पण एक स्पेल पकडणं वेगळं आणि अख्खा खेळ निकालात काढणं वेगळं.

"चौथ्या आवृत्तीचं लगेच कळलं होतं." 2008 मध्ये तक्रार होती ती ‘हा तर व्हिडिओ गेम झाला’ अशी. टेबलावर बसल्यावर सतावलं ते वेगळंच: लढाया संपता संपेनात. राक्षस मरायला वेळ घेत आणि मारही पुरेसा देत नसत. 2010 च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये माराचे आकडे वाढवावे लागले. पहिल्या दिवशीच्या ओरड्यात हे कुठे होतं?

"थांबा म्हणणारे कंपनीचे भाट." जानेवारी 2023 मध्ये ओपन गेम लायसन्सचा, म्हणजे इतरांना या खेळाचे नियम वापरून पुस्तकं काढू देणाऱ्या परवान्याचा, नवा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्या प्रकाशकांकडून रॉयल्टी मागणारा. तेव्हा थांबणं मूर्खपणाच ठरला असता. लोक तुटून पडले, आणि 27 जानेवारीला कंपनीने जुना परवाना तसाच ठेवून पाचव्या (2014 च्या) आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशा परवान्याखाली, खुले केले. करारातलं कलम वाचलं की कळतं, त्यासाठी फासे टाकावे लागत नाहीत. नियमांचं तसं नाही. कंपनीच्या नावाने खडे फोडून नियमांबाबत सबुरी ठेवता येते. मी दोन्ही करतो.

"थांबायचं म्हणजे आधी पैसे ओतायचे." पन्नास डॉलरचं पुस्तक आपल्याकडे खिशाला जडच. पण 2024 चे मूळ नियम कंपनीच्याच साइटवर फुकट आहेत आणि एप्रिल 2025 पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही. चार डोकी जमवा, पाचव्या लेव्हलपर्यंत खेळा, मग खुशाल झोडपा. ॲबिलिटी स्कोअरची (ताकद, बुद्धी अशा गुणांच्या आकड्यांची) वाढ बॅकग्राउंडला, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याला, बांधून टाकलीय, त्यावर माझीही तक्रार तयार आहे.